खालचं खाचर

करवंदपाडा, १२ जानेवारी २००४

जाऊबाईंना सरस्वतीचा नमस्कार.

संध्याच्या घरी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुम्हीच उचललात, "कोण?" विचारलंत आणि मी "सरस्वती" म्हटल्याबरोबर ठेवून दिलात. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून लिहितेय.

पहिली बातमी म्हणजे मी नोकरी सोडली. अकरा वर्षं आनंदनगरच्या कंपनीत पॅकिंगला काढली, दिवाळीनंतर राजीनामा दिला. कंटाळा आला, दुसरं काही नाही. तुमचे दीर आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मग एकदा जेवताना म्हणाले, "चालू पगार सोडून कोणी शेण थापायला जातं का?" मी म्हटलं, "थापायला नाही, कुजवायला." गोठ्यामागे दोन खड्डे खणून घेतलेत. शेण, पेंढा, पालापाचोळा, आणि अंबरनाथच्या मंडईतून आणलेला भाजीचा कचरा, असे थर लावलेत. गांडुळं आणायला कर्जतला जाऊन आले. भाताला यापुढे गोणीतलं काही घालणार नाही. वाटलं म्हणून ठरवलेलं नाही हे. दोन महिने माहिती काढली, चार ठिकाणी जाऊन बघितलं, मग ठरवलं.

दुसरी गोष्ट तुमच्या खाचराची. मोठे भाऊजी गेल्यावर वाटणी झाली, वरचं खाचर आम्हाला, खालचं ओहोळाकडचं तुम्हाला. तुम्ही बुवापाड्याला लेकीकडे जाऊन बसलात आणि ते पडीक आहे. तुमची हरकत नसेल तर मी बघते.

गेल्या पावसाळ्यात तुमचं भात पिवळं पडून बसलं, त्याला कारणं बरीच असू शकतात. मध्ये पंधरा दिवस पाऊस नव्हता. बी जुनं होतं. "सरूच्या खतानं माझं शेत मारलं," असं तुम्ही सगळ्या पाड्यासमोर ओरडलात, ते मी मनावर घेतलेलं नाही.

संध्याला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

तुमची सरस्वती


करवंदपाडा, ६ जून २००४

जाऊबाईंना नमस्कार.

तुमचं कार्ड फेब्रुवारीतच मिळालं. एकच ओळ. "माझ्या शेतात पाय टाकायचा नाही." खाली सहीसुद्धा नाही. अक्षर मात्र अजून तसंच मोत्यासारखं आहे. चौथीपर्यंत शिकून असं अक्षर येतं आणि मी नववीपर्यंत जाऊन कोंबडीचे पाय काढते.

मला राग आलेला नाही. मी माझं सांगते.

मातीची टेस्ट करून घेतली. तपासणाऱ्या साहेबांनी रिपोर्ट हातात दिला आणि म्हणाले, "बाई, तुमची माती उपाशी आहे. युरिया म्हणजे तिला चहा पाजण्यासारखं आहे. तरतरी येते, पोट भरत नाही." मला ते एकदम पटलं. वीस वर्षं आपण तिला चहाच पाजत होतो.

तर या वर्षी असं केलंय. खड्ड्यातलं खत पूर्ण मुरलं, काळं झालं, हातात घेतलं तर पावसाळी रानासारखा वास. ते मेमध्ये शेतात टाकलं. बांधावर उंदीरमारीच्या झाडाची छाटं लावलीत, दोन वर्षांनी त्यांचा पाला चिखलणीत तुडवता येईल. यंदापुरता पाला रस्त्याकडेच्या झाडांचा आणणार आहे. बदलापूरच्या भातगिरणीतून तुसाची राख आणली. उल्हासनगरला पाच नंबरमध्ये रिकामी पोती विकणारा सिंधी शेठ आहे ना, त्याच्याकडून राख भरायला पोती घेतली. तो म्हणाला, "माई, राख भरने के लिए नया बोरी काहे को? फटेला ले जा." हसत होता. मी म्हटलं, "शेठ, दिवाली में चावल लेके आती, तब हँसना."

आणि राब भाजला नाही. डोंगरावरच्या फांद्या तोडायच्या, शेण टाकायचं आणि आवणाची, म्हणजे रोपं करायची, जागा जाळून काढायची, हे बंद. बुधाजीबाबा बांधावरून ओरडले, "सरे, राब भाजल्याबिगर रोप येतं काय गं?" त्यांना म्हटलं, "बाबा, जे जमिनीत जायला पाहिजे त्याचा आपण धूर करतो." ते बघतच राहिले. आता रोपं चार बोटं वर आलीत. बाबा रोज येऊन बघून जातात.

मातीचे नमुने दोन दिले होते. दुसऱ्याचं पुढे कधीतरी सांगते.

सरस्वती


करवंदपाडा, ३० ऑक्टोबर २००४

जाऊबाईंना नमस्कार.

भात झोडून झालं. बरं झालं.

वरचं वाक्य लिहून मी चुलीवरचा भात उतरवला आणि परत आले. आता नीट लिहिते. बरं झालं नाही. गेल्या वर्षी या खाचरात अठरा पोती झाली होती, यंदा अकरा. श्रावणात शेजाऱ्यांची शेतं हिरवीगार होती आणि माझं भात फिकं. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस बघून जात होता. तुमच्या दिरांनी एका संध्याकाळी युरियाची एक गोण आणून ओट्यावर ठेवली. दोन दिवस ती गोण तिथे होती. तिसऱ्या दिवशी मी ती बुधाजीबाबांना देऊन टाकली. साहेबांनी आधीच सांगितलं होतं, पहिलं वर्ष कमीच येणार, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माती उभी राहते. मीही उभी राहणार. ती अकरा पोती चांगल्या दाण्याची आहेत, पोकळ पळींज फार कमी.

आता दुसऱ्या नमुन्याचं. तो तुमच्या खाचराचा होता. तुमचं कार्ड यायच्या आधीच मी माती उचलली होती, म्हणजे तेव्हा बंदी नव्हती. पण नंतर मी तुमच्या शेतात पाय टाकला. पुष्कळ वेळा टाकला. वर्षभर तिथेच होते म्हटलं तरी चालेल.

रिपोर्ट वाईट आला. मिठाचं प्रमाण भलतंच. माती इतकी आंबट की साहेबांनी दोनदा तपासली. विषारी धातूंची वेगळी टेस्ट मुंबईला करून घेतली, ते मर्यादेत निघाले, नशीब. साहेब म्हणाले, "हे खताचं काम नाही. हा कुठल्यातरी रंगाच्या कारखान्याचा गाळ असणार. कोणी टाकला?"

मी त्यांना सांगितलं, आता तुम्हाला सांगते. मी टाकला.

किसन टेम्पोवाला आमच्या कंपनीच्या गेटवर माल भरायला यायचा. गेल्या उन्हाळ्यात म्हणाला, "ताई, सेंद्रिय खत आहे, फुकट आहे, फक्त उतरवून घ्या." काळं, ओलसर, दिसायला शेणखतासारखंच. मी तुम्हाला म्हटलं, "वहिनी, तुमच्या शेताला टाकते, मदत होईल." तुम्ही बिचाऱ्या हो म्हणालात. भाऊजी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, एकटीने काय काय करणार होतात. मला वाटलं, मी उपकार करतेय.

मी फसले होते, हे खरं. पण तुम्ही माझं नाव घेतलंत तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊजी गेल्यापासून वहिनींच्या डोक्यावर परिणाम झालाय." ते मी फसून म्हटलं नव्हतं.

या वर्षी तुमच्या खाचराचा वरचा चार बोटांचा थर खरवडून काढला. ती माती पोत्यांत भरून गोठ्याच्या पलीकडे प्लास्टिकखाली ठेवलीय, कारण ती कुठे टाकायची हे अजून कोणी सांगत नाही. मग तुसाची राख घातली, हिरवळीच्या खताचा धैंचा पेरला. पहिला धैंचा गुडघ्याएवढा होऊन जळाला. दुसऱ्यांदा पेरला, तो कमरेएवढा झाला. त्यात मातीतलं मीठ उतरलेलं असणार म्हणून तो जनावरांना घातला नाही, कापून बाहेर काढला. पुढच्या वर्षीचा जमिनीत गाडणार.

कार्ड पाठवा. परत "पाय टाकायचा नाही" लिहिलंत तरी चालेल. मी ऐकणार नाही.

सरस्वती


करवंदपाडा, ५ ऑगस्ट २००५

जाऊबाई,

बुवापाड्यात पाणी शिरलं नाही, हे कालच यांच्या कंपनीतल्या माणसाकडून कळलं. दहा दिवस फोन बंद, रस्ता बंद. जीव थाऱ्यावर नव्हता. आम्ही सगळे ठीक. एक रेडकू गेलं.

सव्वीस जुलैला दुपारी तीनच्या सुमाराला डोंगरावरून पाणी आलं ते ओहोळात मावेना. आम्ही दोघं डोक्यावर इरलं घेऊन शेतावर गेलो. उंदीरमारीच्या मुळांनी बांध धरून ठेवले होते, तरी एका कोपऱ्यात माझ्या खाचराचा बांध फुटला. वरचं सगळं पाणी तुमच्या खाचरात कोसळायला लागलं. यंदा तुमच्याकडे पहिल्यांदा भात लावलंय, आठच दिवसांची लावणी होती. हे ओरडत होते, "दगड दे, दगड दे!" आणि मी नुसती उभी. पाणी वरून खाली जाताना बघत उभी.

शेवटी दगड दिले, पेंढ्याच्या गुंड्या कोंबल्या, चिखल थापला. बांध अडला. तुमचं भात चार-पाच हात जागेतलं वाहून गेलं, बाकी राहिलं. तिथे परवा परत आवण लावलं.

मी का उभी राहिले ते सांगते, नाहीतर मला दुसरं काही सुचणार नाही.

गेल्या पत्रात मी लिहिलं की मला वाटलं, मी उपकार करतेय. ते अर्धं खरं. किसनचा टेम्पो आला तेव्हा त्या खताला वास येत होता. शेणाचा नाही, कंपनीच्या मागच्या गटाराला येतो तसा. अकरा वर्षं मी त्या गटाराच्या बाजूने कामाला गेले, मला तो वास कळणार नाही? कळला. मनात आलं, खत चांगलं असेलही, नसेलही. आधी बघू या. आणि बघायचं तर माझ्या शेतात का? वरच्या खाचरात घातलं तर दोन्ही शेतं जातील. खालच्यात घातलं तर एकच. पाणी खाली जातं, वर येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तुमच्या शेतात घातलं, वहिनी. उपकार म्हणून नाही. बघायला म्हणून.

तिसऱ्या दिवशी बांधावर खेकडे मरून पडलेले मी पाहिले. गोळा करून ओहोळात टाकले, तुम्हाला दिसू नयेत म्हणून. तेव्हाच सांगितलं असतं तर पेरणीच्या आधी माती काढता आली असती.

आणि नोकरीचा मला कंटाळा आला नव्हता. रोज सकाळी किसनचा टेम्पो गेटवर उभा असायचा आणि तो हात वर करून "काय ताई, पीक कसं?" विचारायचा.

इतकंच. मला रडूबिडू येत नाहीये. लिहायचं होतं ते लिहिलं.

सरस्वती


करवंदपाडा, ४ डिसेंबर २००५

जाऊबाईंना नमस्कार.

तुमचं अंतर्देशीय आलं त्याला तीन महिने झाले. उत्तर मुद्दाम दिलं नाही. तुम्ही लिहिलंत, "मला पत्रातून सांगून काय उपयोग? मला वेडी ठरवलंस ती मारुतीच्या पारावर, पन्नास माणसांत. सांगायचं तर तिथेच सांग." तुमचं म्हणणं बरोबर होतं. पण आधी करायचं आणि मग लिहायचं असं मी ठरवलं.

संधी आयतीच चालून आली. यंदा माझ्या खाचरात सतरा पोती झाली, गोणीतलं चिमूटभर खत न घालता. कृषी सहाय्यक साहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, "आजूबाजूच्या पाड्यांतल्या शेतकऱ्यांना बोलावतो. तुम्ही बोला. भाताला सेंद्रिय खत, अनुभव." मी म्हटलं, बोलते. जागा मात्र शाळेची नको, मारुतीचा पार पाहिजे.

गेल्या रविवारी झालं. साठ-सत्तर माणसं, बायका बऱ्याच होत्या. मला बोलायची भीती कधीच नव्हती, तुम्हाला माहीत आहे. खड्डा कसा भरायचा, पाला किती तुडवायचा, राख कुठून आणायची, पहिल्या वर्षी पीक का घटतं, सगळं घडाघडा सांगितलं. लोक माना डोलवत होते. साहेब खूश. टाळ्या झाल्या आणि साहेब आभार मानायला उठले.

मी म्हटलं, "साहेब, बसा. माझं अर्धंच झालंय."

मग सांगितलं. टेम्पो, वास, खेकडे, वरचं खाचर, खालचं खाचर. वहिनींना मी वेडी म्हटलं ते इथेच, या पारावर, हेही सांगितलं. तुमचे दीर समोर बसले होते. त्यांनाही यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. ते उठून गेले. मला वाटलं, घरी गेले. ते मारुतीच्या मागे जाऊन उभे होते.

मग बुधाजीबाबांनी तोंड उघडलं. "म्हंजे रखमा खरं बोलत व्हती."

"हो, बाबा."

"आन् आम्ही समद्यांनी तुजं ऐकलं."

"हो."

"का ऐकलं माहित हाय का? तू कंपनीत जात व्हतीस. रखमा शेतात जायची."

पलीकडच्या पाड्याचा शिवराम उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "ताई, तो किसन परवा माझ्याकडे आला होता. येत्या बुधवारी दोन गाड्या उतरवायचं ठरलंय."

बुधवारी आम्ही तीस बायका रस्त्यावर बसलो, वहिनी. टेम्पो आला. किसन खाली उतरला आणि मला बघून हसला. "काय ताई, तुम्हीच तर पहिलं गिऱ्हाईक!"

मी म्हटलं, "म्हणूनच मी पुढे बसलेय."

साहेबांनी तालुक्याहून माणसं बोलावून ठेवली होती. गाडीतल्या मालाचे नमुने घेतले, गोठ्याच्या पलीकडची माझी पोतीही घेऊन गेले. माझा जबाब लिहून घेतला. मी टाकला, मला वास कळला होता, हे त्यातही लिहायला लावलं. लिहिणारा म्हणाला, "बाई, हे कशाला लिहिता, तुम्हीच अडचणीत याल." म्हटलं, लिहा. पुढे काय होईल ते होईल.

तुमच्या खाचरात सहा पोती झाली. दाणा मुंबईला तपासून घेतला, खायला चालेल असा कागद आहे. सहाही पोती हे संध्याकडे आणून देतील. भात तुमचं आहे. ठेवा, विका, कोंबड्यांना घाला.

यांच्याशी माझं बोलणं पाच दिवस बंद होतं. सहाव्या दिवशी हे पाटी घेऊन तुमच्या शेतावर खत टाकायला गेले. मला बोलावलं नाही, मीच गेले.

सरस्वती


करवंदपाडा, १६ एप्रिल २००६

जाऊबाईंना नमस्कार.

तुम्ही परवा येऊन गेलात त्याची सगळ्या पाड्यात चर्चा झालीय. एसटीतून उतरलात ते घराकडे न येता थेट शेतावर. मला बुधाजीबाबांनी हाक मारली, "सरे, धाव, मालकीण आली." मी पिठाच्या हातांनी धावले.

तुम्ही खाचराच्या मधोमध उकिडव्या बसला होतात. ढेकूळ फोडलंत, वास घेतलात, चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकलात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. मी दोन वर्षांचे रिपोर्ट घेऊन उभी होते, ते तुम्ही मागितले नाहीत.

"अजून कच्ची आहे," म्हणालात.

मी म्हटलं, "कर्ब दुपटीने वाढलाय, वहिनी. कागदावर आहे."

"कागद पेर मग."

दोन वर्षांनी तुमच्या तोंडून माझ्यासाठी शब्द निघाले ते हे. बांधावर चहा आणला, घेतलात. घरी चला म्हटलं, नको म्हणालात. माफ करा म्हणायला मी तोंड उघडलं, तर तुम्ही हात वर केलात. "ते माझ्याजवळ मागू नकोस. मला जमेल तेव्हा जमेल, नाही जमलं तर नाही. मी भात करायला आलेय." मग सांगितलंत की करवंदपाड्याला राहायला यायचं नाही, बुवापाड्यात नळ आहे, नातवंडं आहेत, तिथे बरं आहे. पण यंदा तुमचं शेत तुम्ही करणार. आणि राब भाजणार.

त्यावर आपलं जे वाजलं ते ओहोळापलीकडे ऐकू गेलं म्हणतात. मी माझं सगळं सांगून बघितलं. जळतं ते मातीला मिळत नाही, डोंगर उघडा पडतो, माझी रोपं बिनराबाची किती जोमात आली. तुम्ही ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "मागच्या वेळी मी तुझं ऐकलं होतं."

रात्रभर विचार केला असं लिहिणार होते, पण खोटं. मी गाढ झोपले. सकाळी उठून कोयता घेतला आणि यांना घेऊन डोंगरावर गेले. फांद्या तोडून, मोळ्या बांधून तुमच्या आवणाच्या जागेवर रचून ठेवल्यात. वर शेण, त्यावर पाला, त्यावर माती, तुम्ही लावायच्या तशीच थरावर थर. काडी तुम्ही लावा. माझं मत बदललेलं नाही. राब वाईटच. पण शेत तुमचं आहे, त्यात काय घालायचं हे मी पुन्हा ठरवणार नाही.

गुरुवारच्या पहिल्या गाडीने या, ऊन चढायच्या आत भाजून होईल. मी बांधावर उभी असेन. गप्प उभी राहीन असं मात्र कबूल करत नाही.

सरू